पंचहौदाचा चहा आणि पंचहौदाची मंडळी

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौदाचे नाव निघाले की मराठीच्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट आठवते : चहा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. टिळक, रानडे, गोखले अशी त्या काळच्या पुण्यातली नामवंत माणसे त्याला हजर होती. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी पेल्याला नुसता हात लावला, कुणी तोही लावला नाही. पुढे गोपाळराव जोश्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, टिळकांनी आणि रानड्यांनी प्रायश्चित्ते घेतली. चरित्रांतून, आत्मचरित्रांतून, प्रबोधनकाळावरच्या व्याख्यानांतून हा चहा आजतागायत उकळतो आहे.

आमचा आक्षेप साधा आहे. पाहुणे चहा पिऊन, किंवा न पिता, आपापल्या घरी परतले. त्यांचे पुढे काय झाले, कुणी कोणते प्रायश्चित्त घेतले, कुणाच्या घरी कोण जेवायला गेले नाही, हे सारे आम्हाला तपशीलवार ठाऊक आहे. परंतु पाहुणे निघून गेल्यावर जे तिथेच राहिले, त्यांचे काय? ते पेले कुणी मांडले आणि कुणी विसळले? पवित्र नाम देवालय तेव्हा नुकतेच उभे राहिलेले होते. १८८३ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १८८५ मध्ये त्याचे समर्पण झाले. उंच मनोऱ्यातल्या आठ घंटांचे हे देऊळ आजही उभे आहे आणि त्यात मराठीतून उपासना होते. १८८५ पासून हिशेब केला, तर साथींसारखे अपवाद सोडून सात हजारांच्या घरात रविवार होतात. इतके रविवार काही माणसे एकत्र जमून मराठीत बोलली, गायली, रडली, त्यांनी आपल्या मुलांची नावे मराठीत ठेवली आणि आपल्या मृतांना मराठीत निरोप दिला. या साऱ्याविषयी मराठीच्या अभ्यासात एक ओळही सापडू नये आणि एका संध्याकाळच्या चहावर मात्र पानेच्या पाने खर्ची पडावीत, याला इतिहास म्हणावे की पाहुण्यांची नोंदवही?

२

कुणी म्हणेल, ख्रिस्ती मराठी साहित्य अभ्यासक्रमात आहे की! आहे, पण कसे आहे ते पाहू. आरंभी फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ येते, १६१६ चे. मग दोन शतकांची उडी. मग १८४२ चा ‘ज्ञानोदय’ आणि १८५७ चे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. मग रेव्हरंड टिळक, तेही ‘फुलामुलांचे कवी’ आणि बालकवींचे आश्रयदाते म्हणून. शेवटी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. त्यांतही सोवळेओवळे, रुसवेफुगवे आणि विसरभोळ्या नवऱ्याच्या गमती तेवढ्या वर्गात रंगवून सांगायच्या. इथे पडदा पडतो. पुढे सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० च्या संमेलनाध्यक्षपदी निवड झाली तेव्हा तो क्षणभर वर गेला आणि ‘पाद्री अध्यक्ष कसा चालेल?’ असे विचारणारे आवाज उठले. तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, संमेलन झाले. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. श्रद्धांजल्या झाल्या. पडदा पुन्हा पडला.

या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. ख्रिस्ती मराठी म्हणजे ग्रंथ; ग्रंथ म्हणजे मिशनरी किंवा धर्मांतरित विद्वान; आणि विद्वान संपले की भाषा संपली. ज्या समूहाने ती भाषा वापरली, आठवड्याला वापरली, वर्षाच्या ठरलेल्या फेऱ्यात पुन्हा पुन्हा वापरली, तो समूह या मांडणीला दिसतच नाही. हेच सूत्र इतरत्र लावून पाहा. तुकोबांची गाथा शिकवायची, पण वारीचा आणि भजनी दिंडीचा उल्लेख करायचा नाही. एकनाथांची भारुडे शिकवायची, पण ती कुणी उभे राहून सादर करतो हे सांगायचे नाही. असे कुणी केले तर त्याला आम्ही पढीक म्हणू. मग टिळकांची ख्रिस्ती भजने कोणत्या रविवारी, कोणत्या चालीवर, कोण गाते, हे न सांगता त्यांना ‘धर्मपर रचना’ या एका शब्दात गुंडाळणाऱ्याला काय म्हणावे?

३

ख्रिस्ती मराठीतला पहिलाच शब्द घ्या : मंडळी. मराठी बायबलमध्ये इंग्रजीतल्या ‘चर्च’साठी हा शब्द आहे. इमारत म्हणजे देऊळ किंवा देवालय. माणसांचा समुदाय म्हणजे मंडळी. मराठीत घरची मंडळी असते, नाटक मंडळी असते, लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी असते, आणि जुन्या घरांत नवरा बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करी. या साऱ्या गोतावळ्यातून उचललेला शब्द भाषांतरकारांनी देवाच्या लोकांसाठी योजला. तो कृत्रिम वाटतो का? तसे वाटणाऱ्याने एकदा त्याला पर्याय सुचवून पाहावा.

दुसरा शब्द ‘तारण’. मोक्ष होता, मुक्ती होती, उद्धार होता. पण मंडळीच्या तोंडी रुजला तो ‘तारण’. त्यात तारून नेणे आहे, संतांच्या भवसागराची आणि नावेची आठवण आहे. त्याच वेळी सावकाराच्या दारात वस्तू तारण ठेवण्याचा व्यवहारही त्याच उच्चारात आहे. ज्यांच्या घरातली भांडी खरोखरच तारण पडलेली असत, अशा माणसांनी तो देवळात उच्चारला तेव्हा त्यांच्या कानांत कोणता अर्थ आधी वाजला असेल? शैलीविज्ञानाच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही. अभ्यासक्रमात मात्र त्याला जागा नाही.

तिसरी गोष्ट सर्वनामांची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. समोरच्याला वगळणारे ते ‘आम्ही’, सामावून घेणारे ते ‘आपण’. पाळक उपदेश करताना ‘आपण’ म्हणतो. तोच पाळक मंडळीकडे पाठ करून देवाशी बोलू लागला की ‘आम्ही’ म्हणतो, आणि देवाला ‘तू’. विठ्ठलाला जसे एकेरी बोलावले, तसेच या देवालाही. पापांची कबुली सर्वांनी एका स्वरात द्यायची असते आणि तिथे ‘आम्ही’ असते. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायचा असतो तेव्हा मात्र प्रत्येकाने ‘मी’ म्हणायचे असते. चुकताना सगळे मिळून चुकलो, विश्वास मात्र ज्याचा त्याने ठेवायचा, असा एक नैतिक विचार केवळ पुरुष आणि वचन बदलून सांगितला जातो. बँकेतला अधिकारी, शाळेतली शिपाईबाई, निवृत्त परिचारिका आणि कॉलेजातली पोरे हे व्याकरण दर आठवड्याला उच्चारतात. एवढी माणसे एकाच वेळी एकच मराठी वाक्य मोठ्याने म्हणतात अशी ठिकाणे आज शहरात किती उरली आहेत? राष्ट्रगीतानंतरची प्रतिज्ञा, आरती आणि ही उपासना. बाकी सारी मराठी आता एकट्याने मोबाइलवर वाचायची भाषा झाली आहे.

४

परंतु खरी समृद्धी वर्षाच्या फेऱ्यात आहे. चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तिथे वर्ष उघडते, तेही वाट पाहण्याने. तेव्हा वाचली जाणारी वचने संदेष्ट्यांची, सूर प्रतीक्षेचा, वस्त्रांचा रंग जांभळा. शहरातल्या मराठी मंडळ्यांमध्ये याच दिवसांत घरोघर जाऊन रात्री गाणी म्हणण्याचे फेरे निघतात, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरले जातात, दारावर कागदी तारा चढतो. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि करंजी आपल्याच कढईतून. दोन्ही एका ताटात येतात आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासना होते आणि सरत्या वर्षाचा जमाखर्च देवापुढे मांडला जातो.

मग राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून, माणूस मातीचा आहे याची आठवण करून देऊन, चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार त्यात मोजायचे नसतात, कारण रविवार कधीच शोकाचा नसतो. अनेक ठिकाणी ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. मागच्या वर्षीचा जयजयकार या वर्षीची राख होतो. ही प्रतिमा कुणा कवीने योजली असती, तर तिच्यावर आमच्या समीक्षकांनी निबंध लिहिले असते. ती एका प्रथेने योजली आणि वर्षानुवर्षे सांभाळली, म्हणून ती अदृश्य राहिली.

चाळीस दिवसांच्या अखेरीस झावळ्यांचा रविवार. मिरवणूक, हातांत झावळ्या, तोंडी ‘होसान्ना’. पाचच दिवसांनी उत्तम शुक्रवार. कॅथलिक देवळांत आणि काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही त्या आठवड्यात दुःखसहनाचा वृत्तान्त पात्रे वाटून वाचला जातो. येशूची वाक्ये एकाची, पिलाताची दुसऱ्याची, आणि जमावाची वाक्ये देवळात बसलेल्या साऱ्यांची. म्हणजे ज्या तोंडांनी होसान्ना म्हटले, त्याच तोंडांनी त्याला वधस्तंभावर द्या अशी ओरड करायची. प्रेक्षकाला गुन्ह्यात सामील करून घेणारे नाटक आधुनिक युरोपीय रंगभूमीने शोधले, असे आम्ही एम.ए.च्या वर्गात सांगतो. ते शोधायला एवढे लांब जायचे कारण नव्हते. दुपारी बारा ते तीन या वेळेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात. अनेक मराठी मंडळ्यांत ती सात वेगवेगळी माणसे करतात, आणि त्यांत सगळेच दीक्षित पाळक नसतात. कुणी शिक्षिका असते, कुणी महाविद्यालयीन विद्यार्थी, कुणी कारखान्यातला निवृत्त कामगार. एका वाक्यावर वीस मिनिटे बोलायचे, वाक्य ठरलेले, प्रसंग ठरलेला, श्रोत्यांनी ते पूर्वी अनेकदा ऐकलेले. आमच्या वक्तृत्वस्पर्धांच्या परीक्षकांनी एखाद्या उत्तम शुक्रवारी मागच्या बाकावर बसून ऐकावे. ठरलेल्या मजकुरातून नवे काही काढून दाखवण्याची ही परंपरा कीर्तनकाराच्या निरूपणाची सख्खी बहीण आहे.

मग पुनरुत्थानाची पहाट. या सणाची तारीख चंद्रावर ठरते : २१ मार्च हा वसंतसंपात धरून त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून तो कधी आपल्या होळीच्या पौर्णिमेला लागून येतो, कधी चैत्री पौर्णिमेला. २०२४ मध्ये होळीपाठोपाठ आला, २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतरच्या आठवड्यात. ज्यांना हा सण ‘परका’ वाटतो त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्याचे गणित आपल्या पंचांगाच्याच चंद्राकडे बघून चालते. पुढे पन्नासावा दिवस, म्हणजे पेन्टेकॉस्ट. आणि मग लांबलचक हिरवा काळ, जो आपल्याकडे नेमका पावसाळ्याशी येऊन भिडतो. पिकाबद्दल आभार मानण्याचा रविवार शहरातली मंडळीही पाळते. शेत नसलेली माणसे घरची अंडी, लोणच्याची बरणी, कुंडीतली मिरची, गावाकडून मागवलेले धान्य घेऊन येतात. उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पाच रुपयांचे लिंबू पाचशेला जाते. गाव सुटून दोन पिढ्या झाल्या तरी शेताची आठवण वर्षातून एक दिवस देवापुढे ठेवायची, ही शहरी माणसाची गोष्ट आहे, आणि मराठीतल्या स्थलांतराच्या कथांमध्ये आम्हाला ती भेटलेली नाही.

५

आता आक्षेपांकडे वळू. ते आम्हाला तोंडपाठ झाले आहेत.

पहिला : हा श्रद्धेचा प्रांत आहे, साहित्याचा नव्हे. ठीक. मग ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, एकनाथी भागवत कोणत्या प्रांतातले? भक्ताने लिहिलेले आणि भक्तांसाठी लिहिलेले वाङ्मय आम्ही साहित्य म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. एका समूहाची श्रद्धा साहित्य होते आणि दुसऱ्याची ‘प्रचार’ राहते, तेव्हा निकष साहित्याचा राहिलेला नसतो. महानुभावांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या पोथ्या सकळ लिपीत बंदिस्त होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा इतिहासच बदलला. इथे तर लिपीही उलगडायची नाही. मजकूर देवनागरीत आहे, दार दर रविवारी उघडे असते.

दुसरा : ही भाषा भाषांतरित आहे, म्हणून उसनी आहे. भाषांतरित आहे हे खरे. पण ज्ञानेश्वरी कशावर उभी आहे? एका संस्कृत ग्रंथावर. मूळ कुठले, हा प्रश्न विचारून भाषेची जात ठरत नाही. ती लोकांच्या जिभेवर किती पिढ्या टिकली, तिने किती सुख-दुःखे वाहिली, यावर ठरते. शिवाय ख्रिस्ती मंडळीने केवळ भाषांतरे म्हटली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीने कीर्तनाचा बाज स्वीकारला; कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर पदे रचली; टिळकांनी अभंगाला जवळ केले आणि त्यांची अनेक भजने आजही पंथभेद ओलांडून गायली जातात. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. उसन्या भाषेत एवढी वस्ती होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : मिशन हे वसाहतवादाचे अपत्य. हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. पंचहौदाचे मिशन इंग्रजांनी चालवले होते. पंडिता रमाबाईंचा संबंध आला तो तिथल्याच वाँटेजच्या भगिनींशी, आणि १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडमधल्या वाँटेज गावी. पुढे रमाबाईंनी इंग्रज धर्माधिकाऱ्यांशी किती खणखणीत वाद घातला, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. त्या काळच्या मिशनरी लेखनात हिंदू चालीरीतींविषयी जो तुच्छतेचा सूर आहे, तो तसाच वाचायला हवा आणि त्यावर बोलायलाही हवे. परंतु राज्यकर्त्यांचा हिशेब बाकावर बसलेल्या मंडळीकडून का वसूल करायचा? महाराष्ट्रातल्या, विशेषतः नगर आणि भोवतालच्या जिल्ह्यांतल्या, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मोठा भरणा महार-मांग समाजांतून आलेल्या लोकांचा. ज्यांना गावच्या देवळाच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते, त्यांना या देवळात बाक मिळाला, पुस्तक मिळाले आणि मोठ्याने वाचायची आज्ञा मिळाली. तिथेही जात पुरती मेली नाही. लग्न जुळवताना आणि दफनभूमीच्या कोपऱ्यांत ती दिसत राहिली. स्वतंत्र भारताने १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात त्यांना वगळले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्या यादीत समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. राज्याने त्यांना जातीच्या यादीतून काढले, मराठीच्या इतिहासकारांनी भाषेच्या यादीतून. वसाहतवादाचे नाव घेऊन हे दुसरे वगळणे झाकता येणार नाही.

या संदर्भात वृत्तपत्री मराठीतला एक शब्द आम्हाला फार खुपतो : ‘ख्रिस्ती बांधव’. दर २६ डिसेंबरला तो छापून येतो. ख्रिस्ती बांधवांनी नाताळ उत्साहात साजरा केला. शेजारी केक, सांताक्लॉज आणि मेणबत्ती यांचे छायाचित्र. ज्यांना घरचे मानले जाते त्यांना बातमीत बांधव म्हणावे लागत नाही. गणपतीच्या बातमीत पुणेकर असतात. नाताळच्या बातमीत बांधव. त्या एका शब्दात शेजारधर्म आहे, सद्भावना आहे, आणि उंबरठाही आहे.

६

एवढे बोलल्यावर मंडळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर हा लेख म्हणजे वकिली ठरेल.

शहरातल्या मराठी मंडळ्या आपली मराठी स्वतःच्या हातांनी सोडत आहेत. मुले इंग्रजी माध्यमात, म्हणून रविवारची शाळा इंग्रजीत. तरुण येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी इंग्रजी उपासना. ‘उपासनासंगीत’ जुनाट वाटते, म्हणून पडद्यावर झळकणारी नवी गीते. नव्या गीतांना आमचा विरोध नाही. टिळकही कधी काळी नवेच होते. परंतु या गीतांपैकी बरीचशी हिंदी-इंग्रजीतून घाईने ओढून आणलेली असतात. त्यांत ‘आम्ही’ जवळजवळ नसतेच, सारे ‘मी, मला, माझे’. आगमन असो की उपवासकाळ, तीच चार गीते, तोच उत्साह. वर्षाचे जे चढउतार शतकानुशतके भाषेला वळण देत होते, ते सपाट होत आहेत. बारमाही आनंदी राहणाऱ्या उपासनेला शोकाचे शब्द उरत नाहीत, आणि ज्या दिवशी घरात मृत्यू होतो त्या दिवशी माणसाला पुन्हा जुन्या पुस्तकाकडेच जावे लागते.

आणखी एक विपरीत गोष्ट. १६१६ साली स्टीफन्सचे पुराण रोमन लिपीत छापले गेले, कारण गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. ते देवनागरीत यायला १९५६ साल उजाडावे लागले. आज खिळ्यांची गरज संपली, कोणतीही लिपी खिशातल्या यंत्रात आहे, आणि तरुण गायक मराठी भजन रोमन अक्षरांत लिहून घेत आहेत, कारण देवनागरी वाचताना त्यांची जीभ अडखळते. चारशे वर्षांचा फेरा पूर्ण झाला. तेव्हा लिपी नव्हती, आता वाचणारा नाही.

याला मंडळी जबाबदार आहे तशीच आम्हा साऱ्यांची अनास्थाही. ज्या भाषेला विद्यापीठात मान नाही, वृत्तपत्रात जागा नाही, साहित्यसंमेलनात जिच्या प्रतिनिधीला आधी नागरिकत्वाचा दाखला द्यावा लागतो, ती भाषा मुलांनी का सांभाळावी? मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलने वेगळी भरवावी लागली, यातच सारे आले. आपल्याच भाषेत वेगळी चूल मांडण्याची हौस कुणाला नसते.

७

मग करायचे काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना अनुदान लागत नाही.

एम.ए.च्या लोकसाहित्याच्या आणि प्रयोगरूप वाङ्मयाच्या अभ्यासात गोंधळ, जागरण, कीर्तन यांच्या शेजारी ख्रिस्ती मंडळीच्या वर्षाला जागा द्यावी. एका विद्यार्थ्याने एका देवळाचे एक वर्ष, आगमनाच्या पहिल्या रविवारपासून पुढच्या आगमनापर्यंत, मंडळीच्या परवानगीने नोंदवावे : कोणती गीते, कोणत्या चाली, कोणते उपदेश, कोणत्या बोलीतल्या साक्षी. छंदशास्त्र शिकवताना अभंगाच्या उदाहरणांत टिळकांचा अभंग बेधडक घ्यावा, आणि तो कुठे गायला जातो तेही सांगावे. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना लक्ष्मीबाईंच्या निवेदनशैलीचे नाते मंडळीतल्या तोंडी ‘साक्षी’शी आहे का, हा प्रश्न निदान विचारावा. साक्ष म्हणजे चारचौघांत उभे राहून आपल्या आयुष्याची गोष्ट आपल्याच भाषेत सांगणे. निरक्षर बायकाही ती देत आल्या. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मकथनाचा उगम शोधणाऱ्यांनी हा झरा अद्याप तपासलेला नाही. आणि मंडळ्यांना विनंती अशी की त्यांनी जुनी गीतपुस्तके, हस्तलिखित चालींच्या वह्या, उपदेशांची टिपणे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या रद्दीत घालू नयेत. म्हातारी माणसे जात आहेत, आणि ज्या चाली केवळ त्यांच्या गळ्यात आहेत त्या कोणत्याही ग्रंथालयात नाहीत.

यावर ‘मग उद्या प्रत्येक धर्माची उपासना शिकवायची का?’ असा प्रश्न येईल. आमचे उत्तर आहे : जी जी मराठीत होते, ती ती अभ्यासायची. मराठीच्या विभागाने मराठी अभ्यासावी, ही फार मोठी मागणी नव्हे.

मराठी साहित्याच्या इतिहासात ‘आपण मराठी माणसे’ असे शब्द फार सहज येतात. ‘आपण’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला सामावून घेते, असे व्याकरण सांगते. पंचहौदाच्या देवळात रविवारी उभी राहून ‘आम्ही’ म्हणणारी मंडळी त्या ‘आपण’मध्ये आहे की नाही, याचे उत्तर इतिहासकारांनी एकदा स्पष्ट द्यावे. मंडळी आपले वाक्य सात हजार रविवार न चुकता म्हणत आली आहे. चहा केव्हाच गार झाला.